हरवलेली वेलांटी

गेल्या श्रावणात आम्ही आत्याकडे निपाणीस गेलो होतो. बेळगावहून निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर. संकेश्वर मागे पडले आणि वखारींवरून आलेल्या वाऱ्याला तंबाखूचा वास येऊ लागला, की आत्याचे घर जवळ आले असे लहानपणापासून आमच्या नाकास ठाऊक आहे. पाय धुऊन ओसरीवर बसतो न बसतो तोच आत्याने देव्हाऱ्याच्या फळीवरून एक कागद काढून आमच्या पुढ्यात टाकला.

“बघ रे बाळ, तू जन्मभर छापखान्यात चुका काढल्यास. हे कुणाचं नाव हाय सांग.”

बहात्तराव्या वर्षीही आम्हांस ‘बाळ’ म्हणणारे माणूस आता हे एकच उरले आहे. आम्ही चष्मा पुसून कागद पाहिला. ती एका सोसायटीची मुदत ठेवीची पावती होती. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, व्याजाचा दर बरोबर. नावाच्या रकान्यात मात्र ‘लक्ष्म’ इतकेच छापलेले आणि त्यापुढे पत्त्यांतल्या चौकटीसारखी एक काळी आकृती व तिच्या पोटात पांढरे प्रश्नचिन्ह. पुढे पतीचे नाव नाही, आडनाव नाही.

“सोसायटीतला पोरगा म्हणाला, आज्जी, कॉम्प्युटरचं तसंच येतंय, पैशाला काय धोका नाही, सही करा. मी म्हटलं, माझी वेलांटी कुटं गेली ते आधी सांग, मग सही करते. आणि कागद घेऊन घरी आले.”

आत्याच्या या हट्टामागे काय होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमची आत्या चाळीसहून अधिक वर्षे विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, आणि पंचवीस विड्या झाल्या की एक बंडल. मजुरी हजारावर. एवढी वर्षे तिने हिशेब बोटांवर केला आणि मजुरीच्या पत्रकावर अंगठा उठवला. १९९० च्या सुमारास तिच्या गल्लीत प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेली ही बाई पाटी घेऊन जाऊन बसली. शिकवणाऱ्या बाईंनी तिची दया येऊन सुचवले, की ‘लक्ष्मीबाई’ लिहिणे अवघड आहे, तुम्ही आपले ‘लक्षुमी’ लिहीत जा. आत्या म्हणाली, “सोपं नको. माझं हाय तेच शिकवा.” त्या ‘क्ष्म’ने तिला दोन महिने घाम फोडला. क चा अर्धा, ष चा अर्धा, मग म, मग वर जाऊन उजवीकडे उतरणारी दुसरी वेलांटी. ज्या दिवशी ते जमले त्या दिवशी तिने बेळगावला आम्हांला पोस्टकार्ड पाठवले. त्यावर पत्ता दुसऱ्याच्या हातचा होता आणि मजकुराच्या जागी फक्त तिचे नाव. ते कार्ड आजही आमच्या पेटीत आहे.

अशा बाईपुढे वेलांटी गाळलेली पावती ठेवणे म्हणजे काय, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. शिवाय व्यवहाराची बाजूही तिने सोडलेली नव्हती. आधार कार्डावर एक नाव, पावतीवर दुसरे; उद्या आपल्या पश्चात पोरांनी ठेव मागितली तर ही ‘लक्ष्म’ कोण, असे कुणीही विचारील, हे तिचे म्हणणे. त्यात चूक काढावयास जागा नव्हती. मात्र सही होत नाही तोवर ठेवीचे नूतनीकरण होत नव्हते आणि व्याज थांबले होते.

आम्ही आयुष्यभर बेळगावच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आमची पहिली समजूत अशी झाली, की हा जुळाऱ्याचा हलगर्जीपणा. पण आमच्या काळी असला हलगर्जीपणा करावयाचा म्हटले असते तरी करता आला नसता. शिशाचा खिळा मधोमध कापता येत नाही! देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खण. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ यांना आपापले घर. जुळारी वेलांटी विसरू शकत असे, उलटी लावू शकत असे, ‘घ’च्या जागी ‘ध’ उचलू शकत असे. या सर्व पापांवर आमची पेन्सिल चालली आहे. पण वेलांटीचा दोनतृतीयांश भाग लावला आणि एकतृतीयांश केसमध्येच राहिला, असे घडणे शक्य नव्हते. ओळ भरली आणि शब्द मावेना, तर दोन अक्षरांच्या मधल्या सांध्यावर तोडून पुढच्या ओळीत न्यावयाचा. ‘लक्ष्मी’ तोडायची वेळ आलीच तर ‘ल’ आणि ‘क्ष्मी’ अशी. ओळीच्या शेवटी पाय मोडका ‘क्ष्’ लटकत ठेवणाऱ्यास आमचे मुख्य जुळारी नुसत्या नजरेने जाळीत.

वेलांटीचा दोनतृतीयांश भाग, असे जे आम्ही वर म्हटले, ती अलंकारिक भाषा नव्हे. आत्याच्या पावतीवर अक्षरशः तेच झाले होते. हे आम्हांस आमच्या नातीने दाखवून दिले. ती बंगळूरला संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करते. गौरी-गणपतीस ती निपाणीला आली. आत्याने पावती तिच्याही पुढ्यात टाकली. नातीने ती पाहिली, बोटांवर काही मोजले आणि हसून म्हणाली, “आत्याआजी, तुमच्या नावाला त्यांनी वीस बाइटची जागा दिली आहे. तुम्हांला तीस लागतात.”

पुढचा तासभर ओसरीवर पाटावर संगणक, त्यासमोर नात, एका बाजूस आत्या व दुसऱ्या बाजूस आम्ही, असा वर्ग भरला. त्यात जे कळले ते आमच्या भाषेत सांगतो.

संगणकाच्या पोटात अक्षर नसते, आकडा असतो. शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा मावेल एवढ्या खणास बाइट म्हणतात. अमेरिकनांनी १९६३ मध्ये आपल्या लिपीसाठी जो तक्ता ठरवला त्यात १२८ चिन्हे होती. त्यांचा एक वर्ण एका बाइटात सुखाने बसे. त्यामुळे बाइट मोजले काय आणि वर्ण मोजले काय, उत्तर एकच येई. या योगायोगाची त्या लोकांना इतकी सवय झाली, की तो योगायोग आहे हेच विस्मरणात गेले. १९७० च्या आसपास डेनिस रिची यांनी सी नावाची संगणकभाषा घडवली, तीत शब्दाची लांबी म्हणजे बाइटांची संख्या. पुढील कित्येक भाषांनी हाच वाण घेतला.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ नावाचा तक्ता प्रमाण म्हणून ठरवला. त्यातही एक चिन्ह एका बाइटात बसे, आणि गंमत म्हणजे देवनागरी, कानडी, गुजराती, बंगाली या सर्वांच्या ‘क’ला एकच आकडा होता. कोणती लिपी पडद्यावर उमटवावयाची ते वेगळ्या खुणेने सांगावयाचे. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना एका खात्यात आणणारे युनिकोड प्रसिद्ध झाले. त्यात देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंतचे क्रमांक मिळाले. कानडीला ३२०० पासून पुढे १२८ घरे मिळाली. एवढे मोठे क्रमांक एका बाइटात मावणार कसे? त्यावरचा तोडगा १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन व रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आकडेमोड करून काढला, अशी हकिकत खुद्द पाइक यांनी सांगून ठेवली आहे. त्यास यूटीएफ-८ म्हणतात. आज संगणकांच्या जगात बहुतेक मजकूर याच पद्धतीने ये-जा करतो. तीत इंग्रजी वर्णाला एक बाइट, ग्रीक, रशियन, अरबी यांना दोन, आणि आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे ‘ल’ हे एक, काना हे एक, पाय मोडण्याची खूण हे एक, आणि वेलांटी हेही एक.

आता आत्याचे नाव घ्या. ल, क, पायमोड, ष, पायमोड, म, दुसरी वेलांटी, ब, काना, ई. दहा चिन्हे, तीस बाइट. इंग्रजीत हेच नाव आठ वर्णांत आटोपते. सोसायटीचा नावाचा रकाना इंग्रजीच्या जमान्यात वीसचा केलेला होता. पुढे सभासदांच्या मागणीवरून पावत्या मराठीत निघू लागल्या, पण रकाना वीसचाच राहिला, आणि ते वीस म्हणजे वीस बाइट. सहा चिन्हांचे अठरा बाइट झाले, ‘लक्ष्म’ बसले. पुढे वेलांटीचे तीन बाइट, २२४, १६५ आणि १२८. त्यांतले पहिले दोन आत आले आणि शेवटचा १२८ बाहेर पडला. नुसत्या २२४ व १६५ या दोहोंस काही अर्थ नाही. अर्थ न लागलेल्या बाइटांच्या जागी यंत्र जी आकृती उमटवते तीच ती काळी चौकट.

“म्हंजे कसं,” आत्या मध्येच म्हणाली, “आमचा मुकादम विड्या मोजायचा. ह्यांचं यंत्र पानाचे तुकडे मोजतंय.”

नात एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “आजोबा, आमच्या कचेरीत हे समजावून द्यायला मला एकदा अर्धा दिवस लागला होता.”

तेथपर्यंत आम्हांस विषयाची गोडी लागली होती. आम्ही विचारले, की वीस बाइटांवर सुरी चालवताना या संगणकभाषांपैकी एकीलाही शरम वाटत नाही काय? तेव्हा तिने एकामागून एक भाषा उघडून आत्याचे नाव प्रत्येकीच्या सुरीखाली ठेवले. तो प्रकार आम्हांस एखाद्या छापखान्यातील निरनिराळ्या स्वभावाच्या जुळाऱ्यांसारखा वाटला.

सी काहीच विचारीत नाही. जितके बाइट सांगाल तितके कापून हाती देते. गो नावाची भाषा २००९ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या तिघा जनकांत थॉम्पसन व पाइक हे दोघे आहेत. म्हणजे ज्यांनी आपल्या अक्षरांना तीन तीन बाइट दिले, त्यांचीच ही भाषा. पण तिलाही वीसवर काप म्हटले की ती विनातक्रार बाइटांवर कापते आणि अर्धी वेलांटी हातावर ठेवते. हे ऐकून आम्हांस आश्चर्य वाटले. नातीने त्यांची बाजू मांडली. तारेवरून येतात ते बाइटच, फायलीत असतात तेही बाइटच. तेव्हा भाषेने खोटे न बोलता बाइट दाखवावेत, आणि ज्यास अक्षरे हवीत त्याने एकेक चिन्ह पुढे सरकत जावे, त्याची सोय तीत केलेली आहे. शिवाय दोनशेव्या बाइटाशी एका उडीत पोचता येते. दोनशेवे चिन्ह शोधावयाचे तर आरंभापासून चालत जावे लागते. युक्तिवाद आम्हांस पटला, पण मन द्रवले नाही.

रस्ट नावाच्या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. तीत सुरी चिन्हाच्या मधोमध आली, की ती काम जागीच थांबवते आणि येथे कापता येणार नाही असे बजावते. ही आमच्या मुख्य जुळाऱ्यांची सख्खी बहीण शोभेल. पायथनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून बाइट सोडून चिन्हे मोजावयास घेतली. तीत पहिली वीस म्हटले तर वीस चिन्हे येतात, चौकट कधी उमटत नाही. जावाची मोजणी दोन बाइटांच्या जोडीची. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका जोडीत बसत असल्याने तेथे आपले निभावते. मात्र आमच्या तंजावरच्या वाचकांनी येथे कान टवकारावेत. त्यांच्या पूर्वजांच्या मोडी लिपीस युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली ती पार वरच्या मजल्यावर. मोडीच्या एका चिन्हास चार बाइट लागतात आणि जावात दोन जोड्या. तेव्हा जावाची सुरी मोडी चिन्हाचे दोन तुकडे करू शकते. सरस्वती महालातील मोडी कागद कोणी यंत्रात उतरवू लागला, तर त्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

आम्ही म्हटले, “मग पायथनसारखी चिन्हे मोजली की झाले. एवढा घोळ कशाला?”

नातीने उत्तर न देता आत्याच्या नावाची पहिली चार चिन्हे मागितली. पडद्यावर उमटले, ‘लक्ष’.

आम्ही पाहतच राहिलो. चौकट नाही, प्रश्नचिन्ह नाही. शुद्ध, सुबक, कोशात असलेला मराठी शब्द. आमच्यासारख्या मुद्रितशोधकानेही यावरून डोळा पुढे नेला असता. तुटलेली वेलांटी निदान ओरडून तरी सांगते, की मला कुणी कापले. हा ‘लक्ष’ मूग गिळून बसतो. आमच्या धंद्यात सर्वांत वाईट चूक ती, जी शुद्ध शब्दाचे सोंग घेऊन येते. अशुद्ध शब्द डोळ्यांत खुपतो म्हणून पकडला जातो.

याच ओघात आम्हांस आमच्या गावाची आठवण झाली. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. मराठी कानाला ते नाव सप्तमीचे रूप वाटते. ‘आम्ही बेळगावी राहतो’ असे आमचे आजोबा त्याआधीही म्हणत. आम्ही नातीस हे नाव मोजावयास सांगितले. सात चिन्हे, एकवीस बाइट. सोसायटीच्या वीस बाइटांच्या रकान्यात घातले तर काय होईल? तिने घालून दाखवले. जुने ‘बेळगाव’ जसेच्या तसे आले आणि त्यापुढे एक काळी चौकट व तीत प्रश्नचिन्ह. ओसरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग आत्या आधी हसली. सीमाभागात ज्यांची हयात गेली आहे त्यांना या चित्राचा अर्थ सांगावा लागणार नाही, आणि इतरांना सांगून कळणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून आम्हांस रुचली. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. नातीने कानडी ‘क’ उघडून दाखवला, २२४, १७८, १४९. पहिला बाइट तोच, शेवटचा तोच. मधला तेवढा निराळा. आपला आणि कानडीचा ‘ळ’ही तसाच. युनिकोडने लिपी वेगळ्या घरांत ठेवल्या, तरी घरांतील मांडणी जुन्या इस्कीचीच ठेवली, त्याचा हा परिणाम. आत्याची शेजारीण, जी कानडी पंचांग वाचते आणि मराठीत भांडते, ती तेवढ्यात हळदीकुंकवाला आली. तिला आम्ही हे सांगितले. ती म्हणाली, “होय की, त्यात काय नवल!”

असो. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हे एवढे कळल्यावर आमच्यातला मुद्रितशोधक जागा झाला. आपल्या लेखी ‘लक्ष्मी’ हा दोन अक्षरी शब्द आहे. लहान मुलालाही विचारा, ल आणि क्ष्मी. संगणकाच्या लेखी तो सात चिन्हे, एकवीस बाइट. आम्ही नातीस एक कठीण उदाहरण घातले. १९४६ मध्ये बेळगावात साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. त्यांच्या नावातील आद्याक्षरे यंत्राला काढावयास सांगा. गजाननाचा ग ठीक निघाला. त्र्यंबकाचे मात्र पायथनने ‘त’ एवढेच काढले. ‘त्र्यं’ हे आपले एक अक्षर; त्यात सहा चिन्हे, अठरा बाइट. पहिल्या चिन्हास आद्याक्षर समजणारी यंत्रे ज्ञानेश्वराचा ‘ज’ करतात आणि श्रीपादाचा ‘श’. मराठी माणसाच्या नावाची ही कुचेष्टा रोज किती ठिकाणी होत असेल!

या कामी सर्वांत जवळ आली ती २०१४ मध्ये ॲपल कंपनीने काढलेली स्विफ्ट ही भाषा. ती बाइट मोजीत नाही, चिन्हेही मोजीत नाही. वाचणाऱ्यास जे एक अक्षर वाटते ते मोजू पाहते. पण वाचणाऱ्यास काय एक वाटते, याचे नियम युनिकोडवाल्यांनी लिहिलेले, आणि त्या नियमांत काना, मात्रा, वेलांटी आपल्या व्यंजनास चिकटून राहत असली तरी जोडाक्षर पायमोडापाशी तुटत असे. त्या हिशेबाने ‘त्र्यं’ची तीन अक्षरे होत आणि ‘लक्ष्मी’ची चार. देवनागरीचे जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम त्यांत २०२३ च्या सप्टेंबरात, १५.१ या आवृत्तीत आला. युनिकोड १९९१ चे. म्हणजे गल्लीतल्या वर्गात आत्याला दोन महिन्यांत जे कळले, ते नियमात उतरण्यास बत्तीस वर्षे लागली. हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. जगातल्या सगळ्या लिपींचा संसार एका घरात मांडणाऱ्यांची ओढाताण आम्ही समजू शकतो. पण बत्तीस वर्षे ती बत्तीस वर्षे.

तोडगा काय, हे आम्ही शेवटी विचारले. नाव कापावेच लागले, तर कापण्याआधी मागे वळून पाहावे, असे नातीने सांगितले. यूटीएफ-८ ची रचना करणाऱ्यांनी एक मोठी सोय करून ठेवली आहे. चिन्हाचा आरंभ करणारा बाइट आणि त्यामागून चालणारे बाइट यांचे आकडे कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. मागून चालणारे नेहमी १२८ ते १९१ यांमधले. देवनागरीत आरंभाचा नेहमी २२४. तेव्हा सुरी जेथे पडणार त्यापुढचा बाइट १२८ ते १९१ मधला असेल, तर आपण एखाद्या चिन्हाच्या पोटात आहो असे समजून एक पाऊल मागे यावे; देवनागरीत फार तर दोन पावलांत चिन्हाची सीमा सापडते. मग वेलांटी आणि पायमोड पाहून आणखी मागे, अक्षराच्या सीमेपर्यंत. हे सारे चार-पाच ओळींचे काम. “पण आजोबा,” ती म्हणाली, “माणसाचं नाव कापायचंच कशाला? रकाना रुंद करायला पैसे पडत नाहीत.”

ही मुलगी मुद्रितशोधक झाली असती तर छापखान्याचे भले झाले असते.

आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिले, नातीने त्यास बाइटांचा तक्ता जोडला. सेक्रेटरी सज्जन निघाले. त्यांनी ते पत्र आज्ञावली पुरवणाऱ्यांकडे धाडले आणि पंधरा दिवसांत दुसरी पावती घेऊन शिपाई आत्याच्या दारात आला. या खेपेस ‘लक्ष्मीबाई दत्तात्रय’ असे स्वच्छ छापलेले. वेलांटी जागेवर, चौकट नाही. शिपाई म्हणाला, “झालं ना आज्जी?” आत्याने बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, “आडनाव?”

त्यांनी बाइटांऐवजी चिन्हे मोजली होती, इतकेच. वीसचा आकडा तसाच ठेवला होता. लक्ष्मीबाईची दहा, मधली मोकळी जागा एक, दत्तात्रयाची नऊ. बरोबर वीस. काप इतका नेमका शब्दाच्या टोकावर पडला होता, की तेथे काही कापले आहे याची खूणही नव्हती. आम्ही फोनवरून ती पावती ऐकली तेव्हा आम्हांस तो ‘लक्ष’ आठवला. घरच्या माणसाखेरीज ही चूक कुणाला दिसली असती?

शिपाई परत गेला. दुसरे पत्र गेले. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, आणि एके दिवशी सेक्रेटरी स्वतःच पावती घेऊन आले. रकाना आता दोनशेचा केला आहे, असे त्यांनी सांगितले. जुन्या सभासदांच्या पावत्या तपासल्या तेव्हा अशी कापलेली नावे आणखी बरीच निघाली, त्यांतली पुष्कळशी विडीकाम करणाऱ्या बायकांची, आणि त्यांपैकी एकीनेही तक्रार केली नव्हती. त्यांनी सही केली होती किंवा अंगठा दिला होता. आत्या हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग त्या बायकांची नावे कोणती म्हणून तिने विचारले, आणि सेक्रेटरींनी जी सांगितली त्यांतल्या दोघी तिच्याबरोबर सुपाला सूप लावून बसलेल्या निघाल्या.

त्या दिवशी आम्हीही निपाणीस होतो. आत्याने हात पुसले, चष्मा लावला, तिन्ही नावे शेवटपर्यंत वाचली आणि पेन मागितले. सहीसाठी खाली एक लहानशी चौकोनी जागा आखलेली होती. हात आता थरथरतो. ‘ल’ला वेळ लागला, ‘क्ष्म’पाशी ती थांबली, श्वास घेतला, आणि अर्धा क, अर्धा ष, म असे एकामागून एक उतरले. मग दुसरी वेलांटी. ती तिने अशी काही झोकात काढली, की चौकोनाची वरची रेघ ओलांडून ती थेट छापील नावाला जाऊन भिडली.

“बाहेर गेली की हो,” आत्या सेक्रेटरींना म्हणाली.

“चालतंय, आज्जी,” ते म्हणाले, आणि पावतीची दुसरी प्रत फाडून तिच्या हाती दिली.